प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या आणि त्वचेचा कर्करोग

प्रश्न : माझ्या पतींचे मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन नऊ वर्षे झाली. ते प्रेडनिसोलोन, सायक्लोस्पोरिन आणि ॲझाथायोप्रिन नियमित घेतात. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताच्या पंजावर, वरच्या बाजूला, एक खरखरीत चट्टा उठला आहे. त्याची खपली निघते आणि पुन्हा धरते. या गोळ्यांमुळे त्वचेचा कर्करोग होतो असे वाचनात आल्यापासून ते गोळ्या कमी करण्याच्या विचारात आहेत. आमचा वर्ण सावळा असल्यामुळे आम्हाला हा धोका नाही, असेही काही जण सांगतात. आम्ही काय करावे?

उत्तर : प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी कमी करू नये. किती वर्षे लोटली तरी शरीर रोपित मूत्रपिंडाला परकेच मानते; या गोळ्या शरीराची प्रतिकारशक्ती दाबून त्याचा बचाव करतात, आणि वर्षानुवर्षे उत्तम चाललेले मूत्रपिंडही गोळ्यांत खंड पडल्यास निकामी होऊन रुग्णाला पुन्हा डायलिसिसवर जावे लागू शकते. चट्टा मात्र त्वचारोगतज्ज्ञांना लवकरात लवकर दाखवावा. खपली धरणारा आणि महिना उलटूनही बरा न होणारा चट्टा प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीच्या अंगावर दिसला, तर मलम लावून वाट पाहण्यापेक्षा त्याचा लहानसा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायॉप्सी करणे, केव्हाही श्रेयस्कर. तो कर्करोगच असेल असे नाही. कर्करोगाच्या आधीची अवस्था किंवा साधी चामखीळही असू शकते. परंतु नुसत्या डोळ्यांनी हा फरक अनुभवी डॉक्टरांनाही नेहमीच ओळखता येत नाही.

आपण वाचलेली माहिती मुळात खरी आहे. रोपित अवयवावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशीच उन्हातील अतिनील किरणांनी बिघडलेल्या त्वचेच्या पेशी हेरून नष्ट करत असतात. औषधांनी हा पहारा ढिला केला की बिघडलेल्या पेशी टिकतात आणि वाढतात, शिवाय चामखिळीच्या जातीच्या विषाणूंनाही मोकळे रान मिळते. काही औषधांचा स्वतःचा दोषही यात भर घालतो. ॲझाथायोप्रिनच्या विघटनातून तयार होणारा एक घटक पेशींच्या डीएनएमध्ये जाऊन बसतो आणि अतिनील ‘अ’ किरण शोषून तिथेच इजा करतो; हे किरण खिडकीच्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात. सायक्लोस्पोरिनमुळे उन्हाने दुखावलेल्या डीएनएची दुरुस्ती मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही दोन्ही औषधे मानवात कर्करोग घडवणाऱ्या सिद्ध घटकांच्या गटात ठेवली आहेत, आणि आपले पती नेमकी हीच दोन घेत आहेत. तेव्हा त्यांची शंका रास्त आहे; तिचे उत्तर स्वतःच्या हाताने गोळ्या कमी करणे हे नाही, एवढेच.

धोका किती, हे वर्ण, वय, आयुष्यात झेललेले ऊन, प्रत्यारोपित अवयव आणि औषधांची मात्रा यांवर ठरते. हृदय व फुप्फुसाच्या रुग्णांना अधिक कडक मात्रा लागत असल्याने त्यांचा धोका मूत्रपिंडाच्या रुग्णांपेक्षा सहसा जास्त असतो. नॉर्वेतील मूत्रपिंड आणि हृदय प्रत्यारोपणाच्या रुग्णांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्क्वेमस सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसामान्यांच्या तुलनेत सुमारे ६५ पट आढळले होते. हा आकडा गोऱ्या लोकांचा आहे. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या रुग्णांमध्ये प्रमाण पुष्कळच कमी असते. मात्र कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि इथे एक फसगत होते. या रुग्णांमध्ये कर्करोग अनेकदा ऊन न लागणाऱ्या ठिकाणी, विशेषतः जननेंद्रिय आणि गुदद्वाराच्या परिसरात, तेथील विषाणूंच्या संसर्गातून उद्भवतो. ती जागा रुग्ण संकोचाने दाखवत नाही, डॉक्टर घाईत पाहत नाहीत आणि निदान लांबते. म्हणून वर्षातून किमान एकदा टाळूपासून तळपायापर्यंत, ओठ, कान आणि नखांसह, संपूर्ण त्वचेची तपासणी आपणहून मागून घ्यावी. एकदा कर्करोग निघाला असेल, तर ही तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी करावी लागते, कारण अशा रुग्णाला दुसरा होण्याची शक्यता बरीच असते.

निदान कर्करोगाचे आलेच, तर घाबरून जाऊ नये. लवकर सापडलेला बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने पूर्ण निघतो. औषधे बदलण्याचा विचार त्या टप्प्यावर योग्य ठरतो, आणि तो मूत्रपिंडतज्ज्ञ व त्वचारोगतज्ज्ञ यांनी मिळून करायचा असतो. ॲझाथायोप्रिनऐवजी मायकोफिनोलेट देणे हा एक मार्ग आहे. सायक्लोस्पोरिनऐवजी सिरोलिमस देणे हा दुसरा. आधी असा कर्करोग झालेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यात दोन वर्षांत नवा कर्करोग सिरोलिमस घेणाऱ्या २२ टक्के रुग्णांना, तर जुनीच औषधे चालू ठेवणाऱ्या ३९ टक्के रुग्णांना झाला. परंतु सिरोलिमसमुळे तोंड येणे, पायांवर सूज आणि लघवीतून प्रथिने जाणे असे त्रास होतात आणि अनेकांना ते सोडावे लागते, म्हणून ते सरसकट दिले जात नाही.

उन्हापासून बचाव मात्र आजपासूनच सुरू करावा. पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी आणि एसपीएफ ५० किंवा अधिक असलेले, अतिनील ‘अ’ किरणही अडवणारे सनस्क्रीन रोज चेहरा, कान, मान आणि हातांना लावावे. ऊन टाळल्याने ड जीवनसत्त्व घटते, तेव्हा रक्तातील त्याची पातळी तपासून घ्यावी. त्वचेचा कर्करोग टाळण्यासाठी निकोटिनामाइडच्या, म्हणजे ब३ जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराच्या, गोळ्या सुचवल्या जातात. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्यांना त्यांचा उपयोग झाल्याचे २०१५ साली दिसले होते, परंतु प्रत्यारोपणाच्या रुग्णांवरील २०२३ सालच्या चाचणीत फायदा आढळला नाही.

तपासणीला जाताना सर्व औषधांची यादी सोबत न्यावी, रक्तदाबाच्या गोळ्यांसकट. हायड्रोक्लोरोथायझाइड हे रक्तदाबाचे औषध आणि व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचे औषध, दोन्ही त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात आणि दोन्हींचा या कर्करोगाशी संबंध आढळला आहे. यांपैकी एखादे यादीत असेल, तर त्याला पर्याय आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.