सुधारणेचं काम अर्जात वर ठेवू की खाली?

प्रश्न : नमस्कार ताई. मी कॅलिफोर्नियातल्या एका मध्यम आकाराच्या शहरात पोलीस कॅप्टन आहे. सहावीपर्यंत डोंबिवलीत शिकले, मग बाबांच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो. गस्तीपासून सुरुवात केली, पुढे डिटेक्टिव्ह झाले, सार्जंट म्हणून रात्रपाळ्या काढल्या. आता इंटर्नल अफेअर्स, म्हणजे पोलिसांवरच्या तक्रारींची खात्यांतर्गत चौकशी, आणि प्रशिक्षण माझ्याकडे आहे. २०२० मध्ये आमच्या खात्याचं बलप्रयोगाचं धोरण नव्याने लिहिलं गेलं, त्याचा मसुदा माझा. मानसिक आजाराच्या कॉलवर पोलिसाबरोबर काउंटीचा (जिल्ह्याचा) समुपदेशक पाठवायची योजनाही मीच उभी केली.

शेजारच्या काउंटीतल्या एका लहान शहरात चीफची, म्हणजे पोलीसप्रमुखाची, जागा निघाली आहे. नव्वदेक अधिकाऱ्यांचं खातं आहे. जाहिरातीत ‘बदल घडवणारं नेतृत्व’ हवं असं लिहिलंय. माझे एक वरिष्ठ म्हणतात, ‘सुधारणाबिधारणा खाली घाल, गुन्हे कमी केलेस ते वर घे, नाहीतर पोलिसांची युनियन तुला पाडेल.’ मैत्रीण म्हणते, ‘तेच तर तुझं भांडवल आहे.’ शिवाय बाई आणि भारतीय म्हणून मला शोभेपुरतं बोलावतील की काय, हीही शंका आहे. आणि पोलीसप्रमुख अर्ज करून कसा होतो, हे बाबांना अजून पटलेलं नाही. काय करू?
— एक वाचक, कॅलिफोर्निया (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : अर्ज करा. आणि सुधारणेचं काम पहिल्याच पानावर घ्या. वरिष्ठांचा सल्ला काळजीपोटी आहे हे मान्य, पण तो चालणारा नाही. निवडीच्या शेवटच्या फेरीत तुमचं सगळं काम तसंही टेबलावर येणार आहे. तुम्ही ते झाकलंत असं कुणाला वाटलं, तर पुढे सांगाल त्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेतली जाईल.

मी एका शहराच्या प्रशासनात बरीच वर्षं भरतीचं काम पाहिलं, चीफच्या निवडींतही बसले. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. सुधारणावादी म्हणवणारे उमेदवार ढिगाने येतात. सुधारणा राबवून दाखवलेले फार थोडे असतात, आणि त्यांच्यापैकीही अर्ध्यांना ती कशी राबवली हे सांगता येत नाही.

बहुतेक अर्जांत एक वाक्य हमखास असतं : ‘समाजाभिमुख आणि पारदर्शक पोलिसिंगसाठी मी कटिबद्ध आहे.’ निवड समिती ते वाचून पुढे जाते. त्या जागी तुम्ही तुमच्या धोरणाची गोष्ट लिहा. कॅलिफोर्नियाचा एबी ३९२ हा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि प्राणघातक बळ ‘आवश्यक’ असेल तेव्हाच वापरता येईल अशी अट आली. त्याआधी तुमच्या धोरणात काय होतं आणि तुम्ही नेमकं काय बदललंत? रात्रपाळीच्या लोकांना प्रशिक्षणाला बसवताना त्यांच्या जागी गस्तीवर कोण गेलं, ओव्हरटाइमचे पैसे कुठून काढलेत? कुणी विरोध केला, त्यातला कुठला आक्षेप रास्त निघाला, आणि त्यासाठी मसुद्यातलं कुठलं कलम बदललंत? ही उत्तरं अर्ध्या पानात बसतात.

आणि आकडे द्याल तेव्हा दोन द्या. बलप्रयोगाच्या घटना आणि तक्रारी किती कमी झाल्या हा एक. त्याच काळात किती पोलीस जखमी झाले हा दुसरा. हा दुसरा आकडा फार थोडे उमेदवार आणतात. शिपायाच्या मनात भीती एकच असते, की नव्या नियमांपायी मी घरी धड परतणार नाही. ती भीती खरी आहे आणि तिला तोंडी दिलासा पुरत नाही. जखमींचा आकडा वाढला नसेल तर तो तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. वाढला असेल तरी सांगा, आणि त्यावर काय केलंत तेही सांगा.

एका निवडीत नागरिकांच्या पॅनेलवर शाळेच्या कॅफेटेरियात काम करणाऱ्या एक बाई होत्या. पहिला उमेदवार छान बोलला. ओबामांच्या काळात पोलीस सुधारणेसाठी नेमलेल्या टास्क फोर्सचा २०१५ चा अहवाल, त्यातले सहा स्तंभ, सगळं त्याला तोंडपाठ होतं. बाईंनी विचारलं, ‘माझ्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. रात्री दोन वाजता तो घरात आरडाओरडा करायला लागला तर तुमच्याकडून कोण येईल?’ उमेदवार पुन्हा विश्वासाच्या स्तंभावर गेला. हाच प्रश्न दुसऱ्याला विचारला, तर तो क्षणभर थांबला. म्हणाला, ‘तुमच्या शहरात समुपदेशकाची ड्यूटी संध्याकाळी संपते, हे मी वेळापत्रकात पाहिलंय. म्हणजे आज तरी दोन वाजता वर्दीतलेच दोन पोलीस येतील. त्या दोघांपैकी एकाचं तरी या विषयाचं प्रशिक्षण झालेलं असावं, एवढं मी पहिल्या वर्षात करू शकतो. रात्रीचा समुपदेशक देईन असं वचन मी देणार नाही. ते पैसे काउंटीकडे आहेत आणि त्यासाठी मला त्यांच्याशी भांडावं लागेल.’ बाईंनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तुमची योजनाही अशीच सांगा. ती कुठे तोकडी पडते ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसणार.

आता युनियन. वरिष्ठ म्हणतात तसा विरोध होऊ शकतो, पण सुधारणेच्या कामामुळे नव्हे, चौकशा कशा केल्यात त्यामुळे. इंटर्नल अफेअर्समध्ये काम केलं म्हणून कुणी कायमचं वैरी होत नाही. एखाद्याला महिनोन् महिने चौकशीत लटकत ठेवलंत, किंवा वरच्यांना सोडून खालच्यांना धरलंत, तर मात्र होतं. ज्याच्यावर तुम्ही कारवाई केलीत असा एखादा अधिकारी आज तुमच्याबद्दल ‘कडक आहे, पण माझं ऐकून घेतलं’ असं म्हणेल का? म्हणणार असेल तर त्याला आधी विचारून त्याचं नाव संदर्भासाठी द्या. निवडीच्या एका पॅनेलवर दुसऱ्या शहरांचे चीफ असतात. त्यांच्या लेखी असा एक फोन दहा शिफारसपत्रांना भारी पडतो. नव्या शहराच्या युनियनशी निवड चालू असताना परस्पर संपर्क साधू नका, कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपरिषदेच्या, सदस्यांशी तर नाहीच. युनियनचा करार शहराच्या संकेतस्थळावर असतो, तो ओळ न् ओळ वाचा. शिस्तभंगाची कारवाई लवादाकडे जाते का, ते त्यात कळेल. जात असेल तर तुम्ही बडतर्फ केलेला माणूस वर्षभरात परत कामावर येऊ शकतो, हे धरूनच पुढची आखणी करायची.

मुलगी द्यायच्या आधी घरची चौकशी करतात तशी त्या शहराची करा. आधीचे चीफ का गेले? पाच वर्षांत किती सिटी मॅनेजर (कौन्सिलने नेमलेले शहराचे मुख्य प्रशासक) बदलले? एसबी १४२१ या राज्याच्या कायद्यामुळे गोळीबाराच्या आणि सिद्ध झालेल्या खोटेपणाच्या फायली २०१९ पासून मागवता येतात. त्या मागवा. कौन्सिलच्या सभांचे व्हिडिओ बघा, त्यातही पोलिसांच्या बजेटची सभा सोडू नका. ‘बदल’ हा शब्द जाहिरातीत टाकायला पैसे पडत नाहीत. रिकाम्या जागा भरायला आणि प्रशिक्षणाला पैसे ठेवलेत का, ते बजेटमध्ये दिसतं.

चीफ एकटा काही करू शकत नाही याचं उदाहरण तुमच्या जवळच आहे. ओकलंडचं खातं एका खटल्यातल्या २००३ च्या तडजोडीपासून न्यायालयाच्या देखरेखीखाली गेलं, आणि २०१६ च्या जूनमध्ये तर दोन आठवड्यांच्या आत तिघांनी चीफची खुर्ची सोडली. उलट बाजूला, खाडीच्या त्याच किनाऱ्यावर, रिचमंड. तिथे २००६ मध्ये नॉर्थ डकोटातल्या फार्गोहून क्रिस मॅग्नस आले. शहर हिंसाचारासाठी बदनाम होतं आणि हे पूर्ण बाहेरचे. त्यांनी अधिकाऱ्यांना ठरावीक मोहल्ले कायमचे नेमून दिले, आणि तिथल्या लोकांशी कसं काम केलं ते बढतीच्या वेळी बघायला सुरुवात केली. खात्यातल्याच काही वरिष्ठांनी त्यांच्यावर भेदभावाचा दावा लावला. २०१२ मध्ये ज्यूरीने निकाल मॅग्नस यांच्या बाजूने दिला. २००७ मध्ये शहरात ४७ खून झाले होते, २०१४ मध्ये ११. श्रेय एकट्या पोलिसांचं नाही, कारण शहराने बंदूक उचलणाऱ्या पोरांसाठी वेगळं कार्यालयही काढलं होतं. पण मॅग्नस जवळपास दहा वर्षं टिकले, आणि माझ्या मते खरी कमाई ती होती. मिनियापोलिसनेही २०२२ मध्ये चीफ निवडताना ब्रायन ओहारांना न्यूअर्कहून आणलं, ते तिथे केंद्राच्या न्याय खात्याशी झालेल्या सुधारणा कराराची अंमलबजावणी बघत होते म्हणूनच. म्हणजे तुमच्यासारख्या पार्श्वभूमीला मागणी आहे. मॅग्नस यांनी केलं त्यात रोजची नेमणूक आणि बढती या दोन कंटाळवाण्या गोष्टी होत्या, तेवढं मात्र नीट बघून ठेवा. मुलाखतीत पहिल्या सहा महिन्यांबद्दल विचारतील, तेव्हा या दोन गोष्टींवर बोला.

शोभेपुरतं बोलावण्याची शंका रास्त आहे. असं होतं, आणि ते अपमानास्पद आहे. पण बाहेरून ते ओळखायला खात्रीचा उपाय नाही, म्हणून त्या भीतीपायी अर्ज थांबवू नका. शेवटच्या फेरीत सिटी मॅनेजरला सरळ विचारा : ‘माझ्या एखाद्या निर्णयावर युनियनने अविश्वासाचा ठराव केला आणि कौन्सिलची सभा भरगच्च झाली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला काय सांगाल?’ ज्याला तुम्ही खरोखर हव्या आहात तो या प्रश्नावर विचार करतो. दुसरा हसून विषय बदलतो. तुमचं डोंबिवलीपण, तुमची भाषा, स्थलांतरित घरात वाढल्याची जाण हे तुमचंच आहे, प्रसंग येईल तिथे मोकळेपणाने सांगा. मात्र अर्जाचा भार त्यावर टाकू नका. तुमचं काम तो भार पेलण्याइतकं भक्कम आहे.

बाबांना असं सांगा. इथे शेरीफ निवडून येतो, पण शहराचा चीफ नेमला जातो आणि तुमच्यासारख्या बहुतेक शहरांत ते काम सिटी मॅनेजरचं. जागा निघते, अर्ज येतात, पॅनेलं बसतात. आपल्याकडे पोलीस आयुक्त सरकारच्या आदेशाने येतो-जातो, त्यामुळे त्यांना हे विचित्र वाटणं साहजिक आहे. राज्याच्या पोलीस महासंचालकांच्या बाबतीत मात्र प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ ला सांगितलं, की केंद्रीय लोकसेवा आयोगाने तीन ज्येष्ठ अधिकाऱ्यांची नावं काढावीत, त्यातून राज्याने एक निवडावं आणि त्याला किमान दोन वर्षं द्यावीत. लॉस एंजेलिसमध्येही पोलीस कमिशन तीन नावं मेयरकडे पाठवतं, आणि १९९२ पासून तिथल्या चीफला पाच-पाच वर्षांच्या फार तर दोन मुदती मिळतात. खुर्चीवरच्या माणसाला मुदतीची खात्री नसेल तर तो कुणाला दुखवत नाही, ही अडचण मुंबईतही तीच आणि इथेही तीच.

तुमच्या लहान शहरात अशी मुदत बहुधा नसेल, म्हणून करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने चीफला काढताना लेखी नोटीस, कारण आणि दाद मागायची संधी द्यावी लागते. पण ‘कामाची पद्धत जुळत नाही’ किंवा ‘प्रशासन बदललं’ एवढंही कारण तिथे चालतं. निवडणूक होऊन कौन्सिल पालटलं की सिटी मॅनेजर जातो आणि पाठोपाठ चीफ. त्यामुळे काढल्यास किमान वर्षभराचा पगार, आणि निवडणुकीनंतरचे काही महिने काढता येणार नाही अशी अट, या दोन गोष्टी मागा. मागायला संकोच वाटेल, आपल्या बायकांना वाटतोच. तरी मागा, कारण दोन वर्षांत हाकललेल्या चीफचं धोरण तिसऱ्या वर्षी कपाटात जातं आणि त्याचा फटका रात्री दोन वाजता दार उघडणाऱ्या घराला बसतो.

आणखी एक, वेळेबद्दल. शेवटच्या उमेदवारांची नावं अनेक शहरं जाहीर करतात, नागरिकांशी भेटीचा कार्यक्रमही ठेवतात. बॅकग्राउंड चेकला माणसं तुमच्या शेजाऱ्यांपर्यंत जातात. तेव्हा अर्ज धाडायच्या आधी तुमच्या सध्याच्या चीफना स्वतः भेटून सांगा. बातमी त्यांना वर्तमानपत्रातून कळता कामा नये. तुमचे ते वरिष्ठ आणि चीफ एकच असतील, तर त्यांना एवढंच म्हणा की सल्ला ऐकला, विचार केला, आणि काम वर ठेवायचं ठरवलं आहे.