बक्षीसपत्र करून दिलेल्या घरात आईला राहण्याचा हक्क उरतो का?

प्रश्न : मी 71 वर्षांची आहे. अंबाजोगाईतले घर यजमानांनी शिक्षकाच्या पगारातून घेतले. ते वारल्यावर तिन्ही लेकरांनी हक्कसोडपत्र करून घर माझ्या नावे केले आणि 2021 मध्ये मी ते मुलाला बक्षीसपत्राने दिले. मागच्या वर्षी नातू स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्याहून परत आला, तेव्हा माझी खोली त्याला देऊन मला मागच्या पत्र्याच्या खोलीत हलवले. सून म्हणते, घर आता आमचे आहे. सध्या मी लातूरला लेकीकडे आहे. घर परत मिळेल का?

उत्तर : काकू, पत्रासोबत पाठवलेली दस्ताची छायाप्रत मी दोनदा वाचली. तिच्या दुसऱ्या पानावर एक ओळ आहे : 'लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा हयातभर सांभाळ करावा व त्यांना सदर घरात राहू द्यावे.' आपले सारे प्रकरण या ओळीवर उभे आहे. मुलाच्या नावे राहत्या घराचे बक्षीसपत्र करायला मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपयेच लागते, म्हणून आपल्याकडे लोक जुना मसुदा समोर ठेवून अर्ध्या दिवसात दस्त उरकतात आणि 'प्रेमापोटी व स्वखुशीने' यापलीकडे त्यात काही लिहीत नाहीत. आपल्या दस्तलेखकाने ही ओळ घातली, हे नशीबच म्हणायचे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007 याच्या कलम 23 प्रमाणे, साठी ओलांडलेल्या व्यक्तीने आपल्या मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झाले असे मानून या कायद्याखालचे न्यायाधिकरण, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे चालणारे, ते रद्दबातल ठरवू शकते. अशी अट होती हे सिद्ध झालेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा यांच्या प्रकरणात सांगितले. जानेवारी 2025 मध्ये उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला आणि मध्य प्रदेशातील त्या आईला घराचा ताबाही परत देवविला. आपल्या दस्तात अट लेखी असल्याने आपली बाजू भक्कम आहे. मात्र निबंधक कार्यालयात जाऊन बक्षीसपत्र एकतर्फी रद्द करता येईल, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. नोंदणीकृत बक्षीसपत्र तसे रद्द होत नाही.

तरीही एक गोष्ट विचारतो. आपल्याला घर परत हवे आहे, की घरी परत जायचे आहे? आपल्या पत्रात मालकीबद्दल एकच वाक्य आहे. बाकीचे पान दुपारी तापणाऱ्या पत्र्याबद्दल आणि रात्री संडासाला जाताना ओलांडाव्या लागणाऱ्या ओल्या अंगणाबद्दल आहे. म्हणून अर्जात पहिली मागणी पुढच्या खोलीची, आतल्या संडास-न्हाणीच्या वापराची आणि औषधपाण्याची करावी, व ती मान्य न झाल्यास बक्षीसपत्र रद्द करून ताबा मिळावा, अशी पर्यायी मागणी घालावी. सुनेला घराबाहेर काढण्याची मागणी मी टाळेन. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, 2005 प्रमाणे सुनेला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, आणि ज्येष्ठांचा कायदा वापरून तो सरसकट डावलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये एस. वनिता यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. आपला दावा मुलावर आहे, आणि तो त्याच्यावरच ठेवावा. नातू सज्ञान असल्याने या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तोही 'अपत्य' या शब्दात येतो, पण ज्याला अजून कमाई नाही त्याला प्रतिवादी करून काय साधणार?

अर्ज अंबाजोगाईच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करावा. आपण आता राहता तिथे, म्हणजे लातूरलाही तो करता येतो, पण घराची पाहणी करायची झाली तर अंबाजोगाई सोयीचे. निर्वाहभत्त्याची मर्यादा मूळ कायद्यात दरमहा 10,000 रुपये आहे. आपल्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असल्याने त्यावर फार भर देऊ नये. निवृत्तिवेतन मिळते म्हणून कलम 23 च्या मागणीला मात्र बाध येत नाही. कलम 17 मुळे या न्यायाधिकरणापुढे वकील देण्याला आडकाठी घेतली जाते, त्यामुळे अर्ज आपल्याच सहीने द्यावा. मसुदा तालुका विधी सेवा समितीकडून मोफत करून मिळेल, कारण महिलांना या मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही.

तोवर आधार आणि रेशन कार्डावरचा अंबाजोगाईचा पत्ता बदलू नका, पत्र्याच्या खोलीतले आपले सामान व कुलूप तसेच राहू द्या, दुय्यम निबंधकांकडून दस्ताची प्रमाणित प्रत काढा आणि मुलाने घरावर कर्ज घेतले आहे का, हे मालमत्ता पत्रकावर पाहून घ्या.

धाकट्या मुलीने आता हिस्सा मागता येईल का, असे विचारले आहे. हक्कसोड केल्यामुळे आज तिला काही मागता येणार नाही. पण बक्षीसपत्र रद्द झाले तर घर पुन्हा आपले होईल, आणि मृत्युपत्र नसल्यास आपल्या पश्चात तिन्ही लेकरे समान वारस ठरतील. मुलाच्या वकिलाने हे त्याला सांगितलेच असेल, त्यामुळे तडजोडीच्या तारखेला तो एकाएकी मऊ झाला तर नवल वाटू देऊ नका. त्या दिवशी जे ठरेल ते, कोणती खोली आणि कोणत्या तारखेपासून यासह, न्यायाधिकरणाच्या आदेशात लिहून घ्या, आणि त्याआधी कोणत्याही संमतीपत्रावर सही करू नका.