पत्रकारिता आणि जनसंपर्क एकत्र शिकून धड एकही येत नाही, असं खरंच आहे का?

तुम्ही विचारलंय की बारावीनंतर पत्रकारिता आणि जनसंपर्क असा जोड अभ्यासक्रम घ्यावा का, कारण घरचे म्हणतात, 'दोन्हीचं अर्धवट होईल.' मी असा अभ्यासक्रम केला आहे. आधी अडीच वर्षं एका दैनिकात बातमीदारी केली आणि आता एका रुग्णालयाचा जनसंपर्क सांभाळतो. माझं उत्तर: घ्या, पण दोन्ही बाजूंचं काम वर्गात प्रत्यक्ष करून घेतात का, हे बघून घ्या.

मला या विषयाचा गाभा एकाच तासात कळला. सरांनी पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची एक पानी प्रेसनोट वाटली आणि बातमी करायला सांगितली. त्यात 'तांत्रिक कारणास्तव' आणि 'शहराच्या काही भागांत' असं लिहिलं होतं. मी दोन्हीखाली लाल रेघ मारली. काही भाग म्हणजे कोणते? पाणी पुन्हा कधी येणार? झालंय काय? मग सर म्हणाले, आता तुम्ही त्या खात्याचे जनसंपर्क अधिकारी आहात. जलवाहिनी फुटली आहे, दुरुस्तीला दोन दिवस लागतील. नोट लिहा. मी पहिल्याच ओळीत लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव'. अर्ध्या तासापूर्वी ज्या शब्दांखाली रेघ मारली, तेच शब्द माझ्या हातून उतरले होते. सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि काही न बोलता पुढच्या बाकाकडे गेले.

हे फक्त बातमीदारी शिकून कळलं नसतं, फक्त जनसंपर्क शिकून तर नाहीच. आज रुग्णालयातलं एखादं यंत्र बंद पडलं की वरून 'लवकरच सुरू होईल' असं लिहायला सांगतात. मी दिवस आणि वेळ मागतो, कारण बातमीदाराचा पहिला फोन त्यासाठीच येणार हे मला माहीत असतं. आणि लांबच्या गावाहून एसटीने येणाऱ्या पेशंटला 'लवकरच' या शब्दाचा काही उपयोग नसतो.

या दोन क्षेत्रांचं नातं जुनं आहे. आयव्ही ली हा न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत काम केलेला माणूस, पुढे तो कंपन्यांचा जनसंपर्क बघू लागला. 1906 मध्ये अटलांटिक सिटीजवळ रेल्वे अपघात झाला, तेव्हा त्याने रेल्वे कंपनीला तो दडवू दिला नाही. पत्रकारांना जागेवर नेलं आणि लेखी निवेदन दिलं. पहिली प्रेसनोट म्हणून तिचंच नाव घेतात. पण 1914 मध्ये कोलोरॅडोतल्या खाणकामगारांच्या संपात त्याच लीने मालकांच्या बाजूने काढलेल्या पत्रकांत चुकीची माहिती होती. कॉलेजात ही पहिली गोष्ट सांगतात आणि दुसरी गाळतात, असं दिसलं तर तिथे जनसंपर्क नीट शिकवत नाहीत असं समजा.

प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन या. विद्यार्थ्यांचं अभ्यासवृत्त, म्हणजे सरावासाठी त्यांनीच काढलेलं छोटं वर्तमानपत्र, निघतं का विचारा, आणि निघत असेल तर शेवटचे दोन अंक मागून घ्या. अंकात नुसते कार्यक्रमांचे फोटो आणि सत्कार असतील तर सावध व्हा. शिकवणाऱ्यांपैकी कुणी वर्तमानपत्राच्या डेस्कवर, म्हणजे संपादन विभागात, पानं लावली आहेत का, इंटर्नशिप कॉलेज मिळवून देतं की आपली आपण शोधायची, तेही विचारा. इमारत, स्टुडिओ, कॅमेरे यांना फार भुलू नका. मुंबई विद्यापीठाच्या बीएएमएमसी या माध्यमांच्या पदवीला, म्हणजे पूर्वीच्या बीएमएमला, तिसऱ्या वर्षी पत्रकारिता आणि जाहिरात असे फाटे फुटतात. त्यामुळे आज ठाम ठरलं नसलं तरी चालेल. पदवीनंतर पत्रकारिता शिकायला पुण्यात विद्यापीठाचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीत आयआयएमसीचं, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे.

नोकरीचं म्हणाल तर सुरुवातीचा पगार कमी असतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. माझ्या घरी हे सांगायला मी उशीर केला आणि त्याचा सगळ्यांना त्रास झाला. सरकारी वाट हवी असेल तर माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे. जिल्हा माहिती अधिकाऱ्याचं पद एमपीएससीतून भरतात आणि तिथे पत्रकारितेच्या शिक्षणाबरोबर अनुभवही विचारतात. म्हणजे दैनिकातली वर्षं फुकट जात नाहीत.

प्रवेशाला वेळ आहे तोवर युनिकोडमध्ये मराठी टायपिंग हाताला बसवा. तुमच्या नगरपालिकेत माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. दहा रुपये शुल्क आहे आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विषय साधाच घ्या, तुमच्या गल्लीतल्या रस्त्याचं शेवटचं बिल कधी आणि किती निघालं एवढाच. उत्तर आलं की त्यावर आधी दीडशे शब्दांची बातमी लिहा. मग त्याच कागदावरून नगरपालिकेच्या बाजूने खुलासा लिहा, एकही खोटा शब्द न घालता. दोन्ही इथे कमेंटमध्ये टाका, मी वाचेन आणि कुठे रेघ मारावी लागेल ते सांगेन.