रजिस्टरात नाव आहे, माणूस कुठाय?

मागच्या अंकात बीपीवर लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर त्याहून जास्त. यावेळी बरेच प्रश्न पेशंटांचे नाहीत, दवाखान्यात काम करणाऱ्यांचे आहेत, म्हणून हा भाग त्यांनाच देतोय. काही जण सरकारी नोकरीत आहेत त्यामुळं नावं घातलेली नाहीत.

सर, मी बीएस्सी नर्सिंग करून सीएचओ, म्हणजे उपकेंद्राची आरोग्य अधिकारी झाले, बेळगावच्या खानापूर तालुक्यात आहे. एनसीडीचं, म्हणजे बीपी-शुगर-हार्ट अशा न पसरणाऱ्या आजारांचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, स्लाइड्स भरपूर, हार्ट अटॅक कसा येतो, कोलेस्टेरॉल म्हणजे काय सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, आता आपापल्या गावात हृदयरोग प्रतिबंधाचा प्रोजेक्ट तुम्ही लीड करा. खरं प्रोजेक्ट म्हणजे नक्की करायचं काय ते कुणी सांगितलं नाही. मी रॅली काढली, शाळेत पोस्टर स्पर्धा घेतली, फोटो पाठवले. आता पुढं काय?

ताई, रॅली काढलीत ते चांगलंच केलंत, त्या निमित्तानं गावाला तुमची ओळख झाली. ट्रेनिंगमध्ये शिकवलं तेही चुकीचं नाही, अपुरं आहे. हार्ट अटॅक कसा येतो ते कळणं वेगळं, आणि आपल्या गावातल्या कुणाला तो येऊ शकतो, त्यातले किती जण आपल्या हातातनं निसटलेत ते कळणं वेगळं.

मी पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) मेडिकल ऑफिसर होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. एक शेतकरी, पन्नाशीच्या आतबाहेरचा, पायाला कुऱ्हाड लागली म्हणून ड्रेसिंगला आलेला. सहज बीपी घेतलं तर १८०/११०. गोळ्या दिल्या, मीठ कमी करा म्हणालो, महिन्यानं या म्हणालो. रजिस्टरात नाव, बीपी, औषध दिल्याची खूण, सही, सगळं व्यवस्थित. दीडेक वर्षानं त्याला टेम्पोत घालून आणलं, अंगावरून वारं गेलेलं, उजवा हात-पाय आणि वाचा गेलेली. त्याची बायको मला एवढंच म्हणाली, "डॉक्टर, त्या गोळ्या संपल्यावर परत न्यायच्या होत्या काय?" त्या रात्री मी रजिस्टर घेऊन बसलो आणि नोकरीत पहिल्यांदाच मोजलं, एकदा येऊन परत न आलेले किती. अर्ध्याहून जास्त निघाले. इतकी वर्षं ती पानं माझ्याच टेबलावर होती आणि मी रोज फक्त शेवटचं पान बघत होतो.

तुमचा प्रोजेक्ट तिथनंच सुरू होतो. समजा तुमच्याकडं बीपीचे २०० पेशंट नोंदलेत. मागच्या तीन महिन्यांत ८० आले, त्यातल्या ६० जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आहे. मीटिंगला आपण सांगतो ८० पैकी ६०, म्हणजे ७५ टक्के कंट्रोल. खरं राहिलेले १२० कुठं गेले? भागायचं ८० नं नाही, २०० नं, आणि मग येतात ३० टक्के. हा आकडा बघून पोटात गोळा येईल, येऊ दे, कारण तो खरा आहे आणि तुम्ही जे काही कराल ते त्यातच दिसणार आहे.

त्याआधी एक छोटी परीक्षा घ्या. रजिस्टरातले मागचे पन्नास बीपी काढा आणि फक्त शेवटचा आकडा बघा. सगळीकडं १३०/८०, १४०/९०, १५०/१०० असे शून्यच शून्य दिसले तर ते मोजलेलं नाही, अंदाजानं लिहिलेलं आहे. नीट मोजलं तर १३४ येईल, १४२ येईल, ८६ येईल. मोजायची पद्धत तुम्हाला माहीत आहे, पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, दंडाच्या मापाचा पट्टा, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, मोजताना गप्पा नाहीत, आणि दोनदा घ्यायचं. ओपीडीच्या गर्दीत हे होत नाही म्हणतात सगळे, मीही म्हणायचो. आम्ही शेवटी दाराशी एक बाकडं टाकलं, आलेला माणूस आधी त्यावर बसायचा, नंबर येईपर्यंत पाच मिनिटं आपोआप व्हायची.

मग त्या १२० मधली फक्त वीस नावं घ्या, जास्त नको. आशाताईंना बरोबर घेऊन त्यांच्या घरी जा आणि रागवू नका, विचारा. कोण म्हणेल डोकं दुखायचं थांबलं म्हणून गोळी सोडली, कोण गोव्याला कामाला गेलाय, कुणाला गोळ्या मिळाल्याच नाहीत म्हणून हेलपाटा झाला आणि तो पुन्हा फिरकला नाही. प्रत्येक कारणावर उपाय वेगळा. तुमच्या जांबोटी-कणकुंबी भागात पावसाळ्यात माणूस घराबाहेर कसा पडणार, तर डॉक्टरांशी बोलून ज्यांचं बीपी स्थिर आहे त्यांना मृगाच्या आधीच दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतात काय ते बघा. एकच उपाय निवडा, महिनाभर करून बघा, पुन्हा मोजा, जमलं तर चालू ठेवा, नाही जमलं तर बदला. ट्रेनिंगवाले याला पीडीएसए (प्लॅन, डू, स्टडी, अ‍ॅक्ट) म्हणतात, नाव जड आहे, पण बाई भाजीत मीठ-मिरची चाखून बघत घालते तेच आहे ते. आकडे भिंतीवर आलेखाच्या कागदावर दर महिन्याला एक ठिपका असे लावा. सहा ठिपके झाले की तुम्हालाच कळेल रेघ कुठं चाललीय.

आमच्या निपाणी भागात पीएचसीला एकच डॉक्टर, रांग बाहेरपर्यंत. आता त्यांनाच प्रोजेक्ट लीड करायचं ट्रेनिंग देणार म्हणतात. मग पेशंट कोण बघणार? हे मोठ्या हॉस्पिटलातल्या हार्ट स्पेशालिस्टांचं काम नव्हे काय?

तुमची काळजी रास्त आहे, डॉक्टर ट्रेनिंगला गेला आणि दवाखान्याला कुलूप लागलं असं व्हायला नको. खरं स्पेशालिस्टाकडं माणूस जातो तो छातीत दुखल्यावर. त्या वेळची सोय कर्नाटकात वाढतेय, पुनीत राजकुमार यांच्या नावाच्या हृदय ज्योती योजनेत तालुक्याच्या हॉस्पिटलात ईसीजी काढून रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन द्यायची व्यवस्था केलीय, आणि ती हवीच. पण ज्याला अजून काहीच दुखत नाही, जो बिडी ओढतो आणि ज्याचं बीपी १६० आहे, त्याला ओळखणारा माणूस गावच्या दवाखान्यातच असतो.

वेल्समध्ये ग्लिनकॉरग नावाचं कोळसा खाणींचं गाव आहे, तिथं ज्युलियन ट्यूडर हार्ट म्हणून एक साधा जीपी, म्हणजे गावचा फॅमिली डॉक्टर होता. त्यानं ठरवलं, दुखणं घेऊन येईल त्याला तपासायचं एवढ्यावर थांबायचं नाही, गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं बीपी घ्यायचं आणि जे येत नाहीत त्यांच्या मागं लागायचं. १९७१ साली त्यानंच लिहून ठेवलं की चांगल्या उपचाराची गरज जिथं जास्त तिथंच तो कमी मिळतो. तंबाखूच्या वखारीत किंवा घरात बिड्या वळत दिवस काढणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरं उदाहरण फिनलंडच्या उत्तर कारेलियाचं. तिथल्या पुरुषांत हार्टनं मरायचं प्रमाण जगात सगळ्यात वरचं होतं, लोकांनीच सरकारकडं अर्ज केला आणि १९७२ ला प्रोजेक्ट सुरू झाला. प्रमुख कोण, तर पेक्का पुस्का, तिशीच्या आतला डॉक्टर. त्यानं महिला मंडळांना हाताशी धरलं, लोणी कमी, मीठ कमी, भाजी जास्त, सिगरेट बंद, हे घराघरातनं केलं. चार दशकांत तिथल्या कामाच्या वयातल्या पुरुषांचे हार्टचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले.

आणि लांब कशाला, शेजारचा सिंधुदुर्ग बघा. २०१७ च्या शेवटी आपल्या देशात हायपरटेन्शन (वाढलेलं बीपी) कंट्रोलचा जो कार्यक्रम पाच राज्यांत सुरू झाला त्यात महाराष्ट्रातनं सिंधुदुर्ग आणि सातारा पहिल्या फेरीत होते. त्यात सगळा भार डॉक्टरवर नाहीच. औषधाचा एक ठरलेला साधा क्रम, गोळ्यांचा साठा कधी संपू द्यायचा नाही, बीपी नर्स घेणार, पुढच्या गोळ्या घराजवळच्या उपकेंद्रात मिळणार, आणि कोण आलं कोण नाही याची नोंद. डॉक्टरनं लीड करायचं म्हणजे सगळं स्वतः करायचं असं नव्हे, कुणी काय करायचं ते वाटून द्यायचं आणि महिन्यातनं दोन तास आकड्यांसमोर बसायचं. ते दोन तास मात्र वरच्यांनी त्याला द्यायला हवेत, नाहीतर ट्रेनिंग वाया.

मी चिक्कोडी भागात मेडिकल ऑफिसर आहे. ट्रेनिंगला स्टाफपैकी एकालाच पाठवता येतं. मी स्वतः जाऊ की कुणाला पाठवू? माझी बदली कधीही होईल.

जो इथं राहणार आहे त्याला पाठवा. तुमच्या हाताखाली दहा-बारा वर्षं तिथंच असलेली स्टाफ नर्स असेल तर तिला. डॉक्टर बदलला की प्रोजेक्ट मरतो हे मी चार ठिकाणी बघितलंय, आणि त्यातल्या दोन ठिकाणी बदलून गेलेला डॉक्टर मीच होतो. फक्त ती परत आल्यावर तिच्या हातात अधिकार द्या, मीटिंगमध्ये आकडे तिला सांगू द्या, तुम्ही बाजूला बसा. जमलं तर वरच्यांना हेही सुचवा की सलग चार दिवस वर्गात कोंडण्यापेक्षा महिन्यातनं एक दिवस असे सहा महिने बोलवा, येताना प्रत्येकानं आपले आकडे आणायचे, आणि मधल्या काळात फोनवर विचारायला एक अनुभवी माणूस द्यायचा.

एक प्रश्न पेशंटाचाही: घरी बीपीचं मशीन घेऊ काय?

घ्या, दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. सकाळ-संध्याकाळ घेऊन तारखेसह वहीत लिहा आणि ती वही दवाखान्यात दाखवा. मशीन बघून गोळी कमी-जास्त करायचं काम स्वतः करू नका.

मी आशा आहे. सरांनी मला गावातल्या बायकांना मीठ आणि मशेरीचं समजवायचं काम दिलंय. माझे फॉर्म कन्नडात, पोस्टर कन्नडात, आणि अर्ध्या गल्लीत मराठी बोलतात. मीठ कमी करा म्हटलं की हो म्हणतात आणि पुढच्या घरी जाईपर्यंत विसरतात. काय करू?

अक्का, भाषेचं आधी. तुम्ही दोन्ही बोलता, तुमच्यासारखा दुभाष्या कुठल्या कॉलेजात तयार होत नाही. एका दारात "मीठ कमी करा", पुढच्या दारात "उप्पु कडिमी माड्री", हे तुम्हाला विचार न करता जमतं. फॉर्म कन्नडात असू दे, त्यावरनं वाचून दाखवू नका, प्रश्न त्यांच्या भाषेत गप्पा मारल्यासारखे विचारा आणि खूण नंतर करा. गोळ्यांच्या पाकिटावर मात्र अक्षरांच्या भरवशावर राहू नका, सूर्य आणि चंद्र काढून द्या, ते दोन्ही भाषांत चालतं.

आता मीठ. "कमी करा" म्हटलं की कुणालाच कळत नाही किती. त्यापेक्षा विचारा, महिन्याला मिठाचे किती पुडे आणता? जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. घरात पाच मोठी माणसं असली तर पाच गुणिले पाच गुणिले तीस, ७५० ग्रॅम. एक किलोचा पुडा महिनाभर पुरून उरला पाहिजे. बहुतेक घरी दोन पुडे लागतात आणि बाईलाच धक्का बसतो, कारण हिशोब तिचाच असतो. वर्षाचं लोणचं आणि सांडगी मिरची घालायच्या महिन्यात जास्त लागणार, तो महिना सोडून मोजा. मग एकदम अळणी करायला सांगू नका, सासू पहिल्याच दिवशी ताट सरकवेल. भाकरीच्या पिठातलं मीठ बंद, ताटात वेगळं मीठ वाढायचं बंद, खर्डा-चटणी रोजऐवजी दोन दिवसांनी, एवढ्यावर दोन महिने थांबा. जीभ हळूहळू सवय करून घेते. तुमच्या गल्लीतली दहा घरं घ्या आणि पुडे मोजून वहीत लिहा, सरांना तेच दाखवा, हाच तुमचा प्रोजेक्ट.

मशेरीचं अवघड आहे, ते मान्य करूनच चला. पहाटे चार वाजता उठणाऱ्या बाईचा तो एकटीचा वेळ असतो, ते काढून घ्यायला गेलात तर ती तुम्हाला दार उघडणार नाही. बऱ्याच जणींना ती तंबाखूच आहे असं वाटतच नाही, त्या दात घासायची म्हणतात. म्हणून फॉर्ममध्ये "तंबाखू खाता काय" असं विचारलं की उत्तर नाही येतं. "दात कशानं घासता, दिवसातनं किती वेळा?" असं विचारा. तीन वेळा म्हणाली तर आधी दुपारची सोडवा, तिच्या हातात बडीशेप द्या, आणि आठवड्यानं परत जाऊन विचारा. कुणी सोडली की तिलाच पुढच्या घरी बरोबर न्या.