लाइट गेली आणि लॅपटॉप अडकला

प्रश्न : आंब्याच्या पेट्यांचा हिशेब असलेल्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम) २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर घेताना मध्येच लाइट गेली. आता सुरू करताना ‘कर्नल पॅनिक’ असा संदेश येऊन सगळं थांबतं. हिशेब बुडाला का?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : बुडालेला नसावा. पावसाळ्यात अपग्रेड करायला बसलात, हे धाडसच! (मीही गुहागरात हेच केलंय, इन्व्हर्टरच्या भरवशावर.)

नव्या कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) इनिट्रॅमएफएस, म्हणजे सुरू होताना लागणारी मदतनीस फाइल, अर्धवट राहिली असणार. तिच्याशिवाय कर्नलला डिस्क सापडत नाही. जुना कर्नल बहुधा शाबूत असतो. लॅपटॉप सुरू होताच एस्केप दाबा (फार जुन्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा), ग्रबमध्ये (सुरुवातीला दिसणाऱ्या यादीत) ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून कमी क्रमांकाचा कर्नल निवडा. डेस्कटॉप दिसला नाही तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा; नुसत्या अक्षरांचा पडदा येईल, तिथे लॉगिन करा.

आत शिरलात की आधी हिशेब पेन ड्राइव्हवर घ्या, बाकी सगळं नंतर. मग टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) किंवा त्या अक्षरांच्या पडद्यावर, रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत : ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, पाठोपाठ ‘सुडो अॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. ‘जागा नाही’ म्हणाला तर ‘डीएफ -एच’ने बूट विभाग (डिस्कवरची कर्नल ठेवायची जागा) बघा; जुन्या कर्नलांनी तो तुंबतो. शेवटी ‘सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के ऑल’, ‘सुडो अपडेट-ग्रब’ आणि रीस्टार्ट. चार्जर लावूनच हो!