घरातील ऑटोमेशन, भिंतीवरचा टॅब्लेट आणि टीव्ही यांचा मेळ बसत नाही. अधिक ताकदीचा संगणक घ्यावा का?

आपल्या मांडणीचे चित्र प्रश्नावरून असे दिसते. एकाच रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर (पुढे नुसता 'पाय') होम असिस्टंट हे घरातील उपकरणे चालवणारे सॉफ्टवेअर चालते. त्यालाच झिगबीचा, म्हणजे सेन्सर आणि दिव्यांशी बिनतारी बोलण्याच्या पद्धतीचा, यूएसबी डाँगल (खोचायचा छोटा रेडिओ) आणि माहिती साठवण्यासाठी एसएसडी जोडलेली आहे, त्याचीच एचडीएमआय केबल ४के टीव्हीला गेलेली आहे आणि भिंतीवरचा जुना अँड्रॉइड टॅब्लेट डॅशबोर्ड, म्हणजे घराची स्थिती सांगणारे पान, दाखवतो. तक्रारी चार आहेत. दारांचे सेन्सर अधूनमधून गायब होतात. टीव्ही बंद करून पुन्हा लावला की पडदा काळाच राहतो. चित्र आले तरी त्याच्या कडा कापलेल्या असतात आणि हालचाल अडखळत होते. टॅब्लेटवरचे पान काही तासांनी गोठते. यावर अधिक ताकदीचा संगणक घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते तूर्त घेऊ नये. या चारही तक्रारींचे मूळ संगणकाच्या ताकदीत नसून मांडणीत आहे. घर चालवणे आणि घर दाखवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि ती एकाच यंत्राच्या गळ्यात घातली की एकाचा बिघाड दुसऱ्याला भोवतो. होम असिस्टंटची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टम मूळ रूपात टीव्हीवर केवळ अक्षरांचा कन्सोल दाखवते, डॅशबोर्ड दाखवत नाही. आपल्याला तो दिसतो, त्या अर्थी आपण बहुधा रास्पबेरी पाय ओएस या पायच्या नेहमीच्या ऑपरेटिंग सिस्टमवर होम असिस्टंट कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, चालवून त्याच यंत्रावर क्रोमियम ब्राउझर उघडत आहात. त्यामुळे ब्राउझरने मेमरी खाल्ली की ऑटोमेशनही मंदावते, आणि टीव्हीचे चित्र परत आणण्यासाठी पाय रीस्टार्ट केला की तेवढा वेळ सगळे घर ठप्प होते. मी माझ्या घरी एकच कसोटी लावतो: सर्व पडदे बंद असतानाही प्रत्येक दिवा आणि प्रत्येक सेन्सर आपले काम करत राहिला पाहिजे.

सुरुवात विजेपासून करावी, कारण कमी दाबाचा वीजपुरवठा नाना रूपांत समोर येतो आणि प्रत्येक वेळी संशय भलतीकडेच जातो. पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा अ‍ॅडॉप्टर लागतो. फोनच्या चार्जरवर किंवा लांब, बारीक तारेच्या केबलवर तो चालू होतो खरा, पण भार वाढताच दाब उतरतो. तो सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की टीव्हीच्या पडद्यावर वरच्या उजव्या कोपऱ्यात विजेचे छोटे चिन्ह किंवा कमी दाबाचा इशारा झळकतो आणि सिस्टम लॉगमध्ये, म्हणजे संगणकाच्या नोंदवहीत, 'अंडर-व्होल्टेज' अशी नोंद होते. ती नोंद अवश्य शोधावी. पायच्या चारही यूएसबी पोर्टना मिळून जास्तीत जास्त १.२ अँपिअर विद्युतप्रवाह मिळतो आणि त्यातला मोठा वाटा एसएसडी घेते. दाब उतरला की एसएसडी क्षणभर तुटते, डेटाबेस अडकतो, आणि आपल्याला मात्र 'सेन्सर गायब झाला' एवढेच दिसते.

वीज ठीक असेल तर सेन्सर गायब होण्याचे कारण जवळजवळ नेहमीच रेडिओत सापडते. आपला डाँगल निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये, एसएसडीच्या शेजारी असेल, तर आधी तो तेथून काढावा. यूएसबी ३ वरून माहिती ५ गिगाबिट प्रतिसेकंद या वेगाने धावते आणि त्या वेळी केबल व कनेक्टर यांतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. झिगबी नेमका त्याच पट्ट्यात चालतो आणि बटनाच्या बॅटरीवर चालणाऱ्या दाराच्या सेन्सरचा आवाज मुळातच क्षीण असतो. उपाय स्वस्त आहे. डाँगल काळ्या, यूएसबी २ च्या पोर्टला एक मीटर लांबीच्या एक्स्टेन्शन केबलने जोडावा आणि एसएसडी, राउटर व टीव्हीची धातूची पाठ या तिन्हींपासून दूर, उभा ठेवावा. उपकरणांच्या जोडण्या दाखवणाऱ्या झिगबीच्या नकाशात प्रत्येक उपकरणापुढे ० ते २५५ यांदरम्यानचा लिंक-गुणवत्तेचा आकडा असतो. डाँगल हलवण्यापूर्वी तो लिहून ठेवावा आणि नंतर पुन्हा पाहावा, म्हणजे फरक पडला की नाही हे अंदाजावर सोडावे लागणार नाही.

त्यानंतर चॅनेल. झिगबीचे चॅनेल ११ ते २६ असे असून चॅनेल ११ हे २४०५ मेगाहर्ट्‌झवर आणि पुढचे प्रत्येक ५ मेगाहर्ट्‌झने वर बसते. वाय-फायचे चॅनेल १ हे २४१२ वर केंद्रित असले तरी दोन्ही बाजूंना सुमारे १० मेगाहर्ट्‌झ जागा व्यापते, त्यामुळे झिगबीचे ११ ते १४ हे चॅनेल त्याच्या सावलीत येतात, आणि अनेक डाँगल मूळ सेटिंगमध्ये नेमके ११ वरच असतात. राउटरचा २.४ गिगाहर्ट्‌झचा चॅनेल 'ऑटो'वर न सोडता १ वर पक्का करावा, पट्ट्याची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवावी आणि झिगबी २० किंवा २५ वर न्यावा. चॅनेल २६ मोकळा दिसला तरी मी तो टाळतो, कारण काही उपकरणे तेथे कमी शक्तीने बोलतात तर काही तो ओळखतच नाहीत. चॅनेल बदलल्यावर काही बॅटरीवरची उपकरणे पुन्हा जोडावी लागतात, म्हणून हे काम निवांत वेळी हाती घ्यावे.

सेन्सर तरीही तुटत असतील तर वाटेत मध्यस्थ आहे का, ते पाहावे. झिगबीत संदेश पुढे पोहोचवण्याचे काम सतत विजेवर असलेली उपकरणे करतात, म्हणजे स्मार्ट प्लग आणि बल्ब. बॅटरीवरचे सेन्सर ते करत नाहीत. येथे एक गोष्ट हमखास नडते: स्मार्ट बल्ब भिंतीवरच्या साध्या बटनाने कोणीतरी बंद करतो, आणि त्या बल्बच्या आधाराने बोलणारे पलीकडच्या खोलीतले सेन्सर अनाथ होतात. अशा ठिकाणी बल्बपेक्षा प्लगवर भिस्त ठेवावी.

आता टीव्ही. बंद-चालू केल्यावर पडदा काळा राहतो, यामागे एक साधी देवाणघेवाण फसलेली असते. एचडीएमआय जोडणीत टीव्ही आपली ओळखचिठ्ठी पाठवतो. तिला ईडीआयडी म्हणतात, आणि मी कोणती रिझोल्यूशन व किती रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलते तो आकडा) दाखवू शकतो हे त्यात नोंदलेले असते. काही टीव्ही बंद होताच ही चिठ्ठी देणे थांबवतात आणि केबल काढल्यासारखा संकेत देतात. त्याच वेळी पाय सुरू झाला तर त्याला पडदाच सापडत नाही, आणि टीव्ही नंतर लावला तरी तो चित्र पाठवेलच असे नाही. आपली तक्रार हीच आहे का, हे ताडण्यासाठी आधी टीव्ही लावावा, त्याचा इनपुट योग्य ठेवावा आणि मग पाय सुरू करावा. दर वेळी चित्र येत असेल तर निदान पक्के झाले.

यावर जुन्या लेखांत पायच्या सेटिंगच्या कॉन्फिग फाइलमध्ये हॉटप्लगची सक्ती करणारी, म्हणजे पडदा जोडलेलाच आहे असे मानायला लावणारी, ओळ घालायला सांगितलेले असते. २०२१ च्या अखेरीस आलेल्या बुल्सआय आवृत्तीपासून रास्पबेरी पाय ओएसमध्ये पडद्याचा कारभार केएमएस या नव्या ड्रायव्हरकडे (पडदा हाताळणाऱ्या प्रोग्रामकडे) गेला, आणि हा ड्रायव्हर त्या ओळीकडे लक्ष देत नाही. त्याऐवजी पाय सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या बूट विभागातील 'सीएमडीलाइन' फाइलमध्ये जी एकमेव ओळ असते तिच्या शेवटी, नवीन ओळ सुरू न करता, व्हिडिओ पर्याय जोडावा लागतो. त्यात एचडीएमआय पोर्टचे नाव, १९२० × १०८० हे रिझोल्यूशन, ६० हा रिफ्रेश रेट आणि शेवटी इंग्रजी डी हे अक्षर येते. हे अक्षर 'समोर पडदा असो वा नसो, डिजिटल चित्र पाठव' असे सांगते. केबल वीजजोडणीच्या सर्वांत जवळच्या मायक्रो एचडीएमआय पोर्टला लावावी. पाय पहिला मानतो तो पोर्ट तोच.

मी येथे १०८० सुचवले ते जाणूनबुजून. पाय ४ मूळ सेटिंगमध्ये ४के चित्र ३० हर्ट्‌झवरच देतो. ६० हर्ट्‌झ हवे असल्यास कॉन्फिग फाइलमध्ये वेगळी परवानगी द्यावी लागते, केबल १८ गिगाबिटची लागते, आणि अनेक टीव्हींमध्ये त्या विशिष्ट पोर्टसाठी वाढीव सिग्नलचे सेटिंगही चालू करावे लागते. एवढे सगळे जुळवले तरी चौपट पिक्सेल रंगवण्याचा भार ब्राउझरवर पडतोच, आणि अडखळणारी हालचाल त्यातूनच येते. डॅशबोर्डवर आपण तापमान आणि दिव्यांची स्थिती पाहणार आहोत, छायाचित्रांचे प्रदर्शन मांडणार नाही. १०८० चे चित्र टीव्ही स्वतः मोठे करून घेतो आणि दुरून अक्षरे उलट अधिक सोयीची दिसतात. पडद्याचा त्रास रेडिओला कसा होतो याचेही एक उदाहरण आहे: २०१९ मध्ये पाय ४ नवा असताना २५६० × १४४० या रिझोल्यूशनवर त्याचे वाय-फाय तुटत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. सर्व्हरचे काम करणारे यंत्र नेहमी इथरनेटच्या तारेनेच जोडावे, असे मी आग्रहाने म्हणतो त्याला हेही एक कारण आहे.

कापलेल्या कडांचा दोष पायचा नाही. जुन्या प्रक्षेपणातील चित्राच्या ओबडधोबड कडा लपवण्यासाठी टीव्ही चित्र किंचित फुगवत असत, आणि ती ओव्हरस्कॅनची सवय अजून गेलेली नाही. टीव्हीच्या चित्र-सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' यांसारखा पर्याय शोधावा. काही टीव्हींमध्ये त्या इनपुटचे नाव बदलून 'पीसी' केले की ओव्हरस्कॅन जातो आणि लाल-निळ्या अक्षरांच्या धूसर कडाही स्वच्छ होतात. संगणकाच्या बाजूने चित्र आक्रसून कडा भरून काढू नयेत, कारण त्यात प्रत्येक अक्षर दोनदा ताणले जाते. टीव्ही आपोआप लावणे-बंद करणे मात्र एचडीएमआयच्या सीईसी सुविधेवर, म्हणजे त्याच केबलमधून टीव्हीला आज्ञा देण्याच्या सोयीवर, सोपवता येते. पायमध्ये ती उपलब्ध आहे, फक्त टीव्हीत ती प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाखाली ठेवलेली असते. टीव्ही ओएलईडी (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो असा) असेल तर स्थिर डॅशबोर्ड तासन्‌तास दाखवत ठेवू नये, त्याचे ठसे पडद्यावर कायमचे उमटू शकतात.

टॅब्लेटच्या बाबतीत पान गोठण्यापेक्षा मला बॅटरीची काळजी अधिक वाटते, म्हणून ती आधी सांगतो. अहोरात्र चार्जरवर, १०० टक्के भरलेली आणि बंदिस्त चौकटीत तापणारी लिथियम बॅटरी फुगते. चार्जर स्मार्ट प्लगवर घ्यावा, बॅटरी ३० टक्क्यांवर आली की प्लग चालू आणि ७० टक्क्यांवर गेली की बंद, असे ऑटोमेशन करावे आणि चौकटीच्या मागे हवा खेळती ठेवावी. पडदा किंचित उचललेला किंवा पाठ फुगीर दिसली तर टॅब्लेट त्याच दिवशी उतरवावा. तेथे कोणतेही सेटिंग उपयोगाचे नाही.

पान गोठण्यामागे बहुधा कमी मेमरी, आणि एका पानावर दाटीने मांडलेले आलेख व कॅमेरे असतात. टॅब्लेटसाठी वेगळा, मोजक्या कार्डांचा डॅशबोर्ड करावा. वेबव्ह्यू हा अ‍ॅप अद्ययावत करावा, कारण एकच पान पडदाभर दाखवणाऱ्या कियॉस्क अ‍ॅपमधील पान तोच रंगवतो. फुली कियॉस्क ब्राउझरसारख्या अ‍ॅपला बॅटरी-बचतीतून वगळावे, आणि रात्री एकदा पान आपोआप पुन्हा लोड होऊ द्यावे. पडदा सतत जागा ठेवण्याऐवजी समोर कोणी आले की उजळेल असे करावे. त्यासाठी टॅब्लेटच्या कॅमेऱ्यापेक्षा शेजारचा हालचाल-सेन्सर बरा, तो अंधारातही चालतो आणि टॅब्लेट तापवत नाही.

पान गोठत नसून सापडतच नसेल, तर पत्ता तपासावा. जुन्या अँड्रॉइडला 'लोकल' या शब्दाने संपणारी नावे कळत नाहीत. राउटरमध्ये पायला कायमचा आयपी पत्ता राखून ठेवावा आणि टॅब्लेटमध्ये तोच पत्ता व होम असिस्टंटचा ८१२३ हा पोर्ट क्रमांक लिहावा. टॅब्लेट पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर असेल तर तो पायपर्यंत पोहोचूच शकणार नाही.

खरेदीबद्दल बोलायचे तर एक्स्टेन्शन केबल आणि योग्य अ‍ॅडॉप्टर यांवरच बहुतेक काम भागेल. त्यानंतरही टीव्हीवर डॅशबोर्ड हवाच असेल तर सर्व्हर बदलू नये. टीव्हीमागे एखादा जुना, साधा संगणक केवळ ब्राउझरसाठी लावावा, तो बंद पडला तरी घराला पत्ता लागणार नाही. पुढे कॅमेऱ्याचे चित्र जोडाल तेव्हा कॅमेऱ्याच्या मुख्य प्रवाहाऐवजी कमी रिझोल्यूशनचा दुय्यम प्रवाह घ्यावा आणि तो एच.२६४ या व्हिडिओ-स्वरूपात ठेवावा. कॅमेरे चित्र पाठवण्यासाठी वापरतात तो आरटीएसपी प्रवाह ब्राउझर थेट दाखवू शकत नाही, आणि स्वरूप एच.२६५ असेल तर अनेक ब्राउझरांसाठी सर्व्हरला ते चित्र नव्याने घडवावे लागते. पाय ४ ची खरी दमछाक तेथे होते, आणि अधिक ताकदीच्या संगणकाचा विचार करण्याजोगी वेळ आलीच तर ती तेव्हा येईल.