पुडीचं भांडण, एमपीएससीचं नाव

आप्पा, नमस्कार.

चोपडा तालुक्यातून आलेलं तुमचं चार पानी पत्र वाचलं. मुलगा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतून एका स्वयंसेवी संस्थेच्या कामाला लागला आणि आता सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांमध्ये व्यसनप्रतिबंधाचा कार्यक्रम चालवतो. तुम्हाला तो पुण्यात एमपीएससीच्या क्लासला हवाय. त्याला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करायचीय. त्यात संस्थेनं पूर्णवेळ काम देऊ केलंय म्हणून तो शेवटची परीक्षा पुढच्या वर्षी देतो म्हणतोय. ‘त्याच्या डोक्यातलं खूळ काढा’, अशी तुमची विनंती आहे.

मी मात्र तिसऱ्या पानावर थांबलो. मुलानं आठवीच्या वर्गात विचारलं, ‘टपरीवरून तंबाखूची पुडी आणायला तुम्हाला घरातलं कोण पाठवतं?’ त्या वर्गात तुमचा पुतण्या होता. तो उभा राहून म्हणाला, ‘मोठे बाबा.’ म्हणजे तुम्ही. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. तेव्हापासून तुम्ही बापलेक बोलत नाही, मोटारसायकलची किल्ली तुमच्या खिशात आहे, आणि पुण्याचा विषय त्याच आठवड्यात निघाला. हे सगळं तुमच्याच अक्षरात आहे.

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे भांडण करिअरचं नाहीच. चारचौघांत तुमची मान खाली गेली, त्याचं दुःख मला कळतं. पण त्याची भरपाई मुलाच्या उमेदीच्या वर्षांतून करून घेऊ नका. रागावून क्लासला धाडलेली मुलं मी बघतो. पुण्यात कॉट बेसिसवर राहतात, अभ्यासिकेची फी भरतात, पूर्वपरीक्षा देत राहतात आणि सणाला घरी यायचं टाळतात. एमपीएससी चांगली वाट आहे, पण ज्याला स्वतःहून जायचंय त्याच्यासाठी.

आणि पुतण्या खोटं बोलला नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली तर मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तुम्ही हे गुन्हा म्हणून केलं नाही, ठाऊक आहे. आपल्याकडे घरोघरी असंच चालत आलंय. पण पुडी आणता आणता तिच्या वासाची, दुकानदाराच्या ओळखीची सवय त्याच पोराला होते. तुमचा मुलगा नेमकं तेच तोडायला बघतोय.

आता मुलासाठी. हा भाग त्याला वाचून दाखवा. बाळा, तो प्रश्न भर वर्गात विचारायचा नव्हता. लहान मुलाला सगळ्यांसमोर घरच्या माणसाचं नाव घ्यायला लावणं या कामात बसत नाही. नाव न लिहिता चिठ्ठ्या भरून घ्यायच्या आणि घरी बसून वाचायच्या. त्या पुतण्याला घरी काय ऐकावं लागलं असेल, याचा विचार तू केलास का? आधी त्याच्याशी बोल, मग वडिलांशी. आणि परीक्षा चुकवायची नाही. पदवी हातात नसलेल्या कार्यकर्त्याला प्रकल्प संपला की कोणी विचारत नाही, आणि असे प्रकल्प बहुतेक वर्षावर्षाच्या मंजुरीवर चालतात. संस्थेला खरंच तू हवा असशील तर ती परीक्षेपर्यंत थांबेल. मानधनाचा आकडा आणि मुदत लिहिलेलं नियुक्तिपत्र मागून घे.

आप्पा, तुम्ही लिहिलंय, ‘गंजेडी, दारुड्यांत राहून माझंच पोर बिघडेल.’ हा गैरसमज मला पालकांमध्ये सगळ्यात जास्त भेटतो. व्यसनमुक्ती केंद्रात व्यसन जडलेल्या माणसावर उपचार होतात. प्रतिबंधाचं काम ज्यांनी अजून सुरुवातच केलेली नाही त्यांच्यात चालतं. म्हणजे तुमचा मुलगा दिवसभर बसतो तो बारा-तेरा वर्षांच्या पोरांत. अशा एका तासाला मी मागच्या बाकावर बसलो होतो. सरावासाठी एका पोरानं दुसऱ्यापुढे रिकामी पुडी धरली, ‘ले ना भो, काही व्हत नही.’ दुसरा नुसता लाजून हसला आणि हात पुढे केला. वर्ग खिदळला. मग त्याच्याकडून परत परत करून घेतलं, कधी विषय बदलून, कधी मित्राला सोबत घेऊन, शेवटी तो ताठ मानेनं ‘नको’ म्हणून जागेवर गेला. सडलेल्या जबड्याची चित्रं दाखवून, एखादं घाबरवणारं भाषण ठोकून काही साधत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयानं २०१३ मध्ये प्रतिबंधाची मानकं काढली, त्यांतही हेच आहे. नकार द्यायचा सराव, निर्णय घ्यायची सवय, घरच्यांना सोबत घेणं, यानं फरक पडतो. आणि हे शिकवायला स्वतः शिकावं लागतं. एमएसडब्ल्यू त्यासाठीच.

वाट सांगतो. एमएसडब्ल्यू दोन वर्षांचं. जळगाव आणि अमळनेरला समाजकार्य महाविद्यालयं आहेत, घरून ये-जा होईल. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत जायचं तर सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य हा विषय मिळाला तर उत्तम. पुढे शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक, जिल्ह्याच्या तंबाखू नियंत्रण कक्षात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक अशी कामं असतात. बरीचशी कंत्राटी, सुरुवातीचा पगार बेताचाच. पैशाचं सोंग आणता येत नाही, म्हणून आधीच सांगितलं. राष्ट्रीय सेवा योजनेची दोन वर्षांतली २४० तासांची नोंद आणि शिबिराचं प्रमाणपत्र मात्र त्यानं जपून ठेवावं.

राहिली तुमची पुडी. तंबाखू सोडायला मदत करणारी मोफत सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. फोन करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. सोडता येईपर्यंत निदान स्वतःची पुडी स्वतः जाऊन आणा.

किल्ली त्याला आजच द्या, प्रात्यक्षिक परीक्षेला त्याला कॉलेजात जावं लागेल. पुण्याच्या क्लासचे पैसे भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर परताव्यासाठी लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. निकाल लागला की दोघं सोबत या, अर्ज कुठे कुठे करायचे ते आपण तेव्हा बसून ठरवू.